हे तुला कुठून कळलं?

समाजमाध्यमांचा लोकशाहीवर काय परिणाम होतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. याकडे कशा वळलात असं कुणी विचारलं, की मी शाळेच्या भित्तिपत्रकाचं नाव घेते. नागरिकशास्त्राच्या बाईच ते बघायच्या. मजकूर नेला की शुद्धलेखनाच्याही आधी त्यांचा प्रश्न यायचा, "हे तुला कुठून कळलं?" 'सगळे म्हणतात' हे उत्तर त्यांनी कधीच चालवून घेतलं नाही.

पुढे राज्यशास्त्र, पीएच.डी., प्राध्यापकी असं रीतसर झालं. बाईंचा प्रश्न मात्र रोज कामाला येतो.

2010 मध्ये अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर सुमारे 6 कोटी 10 लाख लोकांवर एक प्रयोग झाला. बहुतेकांना मतदानाची आठवण करून देणारा संदेश दिसला, सोबत मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे. त्यामुळे सुमारे 3 लाख 40 हजार मतं वाढली, असा संशोधकांचा अंदाज. हेतू चांगलाच होता. पण हाच संदेश एखाद्या पक्षाकडे झुकणाऱ्यांनाच दाखवला असता तर? बाहेर कुणाला पत्ताही लागला नसता. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

याउलट, अमेरिकेतल्याच 2020 च्या निवडणुकीवेळी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या हजारो लोकांच्या फीडमधला, म्हणजे उघडल्यावर दिसणाऱ्या पोस्टींच्या यादीतला, अल्गोरिदमचा (कुणाला काय आधी दाखवायचं हे ठरवणाऱ्या संगणकीय सूत्राचा) क्रम काढून पोस्टी फक्त वेळेनुसार दाखवल्या गेल्या. तीन महिन्यांत समोर येणारा मजकूर बदलला. राजकीय मतं जवळपास होती तिथेच राहिली. म्हणून 'समाजमाध्यमांनीच समाज दुभंगला' हे विधान मला घाईचं वाटतं. अर्थात, वर्षानुवर्षांच्या सवयीचा हिशेब तीन महिन्यांत लागत नाही, हेही खरंच.

खरी अडचण आहे ती माहिती मिळण्याची. 2023 मध्ये ट्विटरने संशोधकांना मोफत मिळणारी माहिती बंद केली, 2024 मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने क्राउडटँगल हे कोणती पोस्ट किती पसरते ते दाखवणारं साधन बंद केलं. सार्वजनिक चर्चा जिथे घडते तिथली नोंद खासगी कंपनीच्या मर्जीवर असावी, हे मला मान्य नाही. युरोपीय संघाच्या 2022 च्या डिजिटल सेवा कायद्यात पात्र संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडून माहिती मिळण्याची तरतूद आहे. इतर लोकशाही देशांतही ती यावी, यासाठी मी लिहीत असते, बोलत असते.

आताच्या नववी-दहावीतल्या कुणाला या कामात यायचं असेल, तर नागरिकशास्त्राइतकंच संख्याशास्त्रही मनापासून शिका. दोन्ही लागतं. आणि मला जरूर पत्र लिहा.