नांदूरमध्यमेश्वर दिंडोरीत कधी आलं?

नोटिशीत शब्द होता 'वाङ्मयचौर्य'. आईने ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "चौर्य म्हणजे चोरीच ना गं?"

"कॉपी-पेस्ट म्हणतात त्याला," मी म्हटलं.

ती पुढे काही बोलली नाही. मेथी निवडत बसली. एकेक काडी इतक्या सावकाश खुडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात भूगोलात एम.एस्सी. करत होते. शेवटच्या वर्षाला डेझर्टेशन, म्हणजे छोटा प्रबंध, असतं. विषय माझा स्वतःचा होता, तेवढं छाती ठोकून सांगते : वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातल्या द्राक्षबागा आणि तिथल्या पाणीवापर संस्था. मामाचं गाव दिंडोरी तालुक्यात. वाघाडचे शेतकरी स्वतः पाणीवाटप बघतात, पाणीपट्टी स्वतः गोळा करतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलेले. ऐन गोडी छाटणीच्या दिवसांत मामाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी ६२ बागायतदार गाठले. छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावणाऱ्या बायकांच्या मागेमागे फिरत, बांधावर बसून प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यातला एकही आकडा खोटा नाही.

खोटं होतं ते दुसरं प्रकरण.

भूगोलाच्या प्रत्येक डेझर्टेशनमध्ये 'अभ्यासक्षेत्राचा परिचय' असतो. अक्षांश-रेखांश, भूरचना, नद्या, हवामान, मृदा, लोकसंख्या. हा भरतीचा मजकूर, तो कोण वाचतं, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. डेझर्टेशन इंग्रजीत लिहायचं होतं आणि माझं इंग्रजी जेमतेम. एका सीनिअर ताईची वर्ड फाइल पेनड्राइव्हवर फिरत फिरत माझ्याकडे आलेली होती. तिचा तालुका निफाड. मी 'फाइंड अँड रिप्लेस' उघडलं, निफाडच्या जागी दिंडोरी घातलं, २०११च्या जनगणनेचे आकडे बदलले. बारा पानं एका संध्याकाळीत झाली. तेव्हा मनाला काही लागलंही नाही, हे कबूल करते. उलट एक काम उरकलं म्हणून मैत्रिणीला घेऊन मिसळ खायला गेले.

आपला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो, याची सबमिशनआधी ग्रंथालयात सॉफ्टवेअरवर तपासणी होते. माझा अहवाल आला ४६ टक्के.

गाइड मॅडम आकडा बघून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "दुसरं प्रकरण मीपण फक्त चाळलं होतं गं." हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. आठवड्याभरात विभागाचं पत्र घरी आलं.

त्या रात्री मी मोबाइलवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम शोधून वाचले. आधी कुणी वाचतं का हे? डेझर्टेशन किंवा प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० म्हणजे पहिली पातळी : ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारून द्यायचं, ही मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते. ४० ते ६० ही दुसरी पातळी : एक वर्ष सुधारित प्रत देताच येत नाही. ६०च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. मी ४६वर. वर्ष गेलं, असं धरूनच मी झोपले. झोपले कसली, सकाळी साडेपाचला दूधवाल्याची घंटा ऐकली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या भावाने, तो वकिलीला आहे, एक पळवाट काढून दिली. हे नियम असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्टला लागू होत नाहीत. "म्हण ना, हा प्रोजेक्ट रिपोर्ट आहे." पण मुखपृष्ठावर मीच ठसठशीत अक्षरांत 'डेझर्टेशन' छापलं होतं. शिवाय तसं म्हणताना माझं तोंड कसं दिसेल, ते मला आधीच दिसत होतं.

दुसरा मार्ग मात्र खरा होता. मी अख्खा अहवाल रंगीत छापून घेतला, खिसा हलका झाला, आणि जमिनीवर पसरून बसले. सॉफ्टवेअरने माझी संदर्भसूची धरली होती. अवतरणचिन्हांतले, नाव देऊन घेतलेले उतारे धरले होते. २००५चा महाराष्ट्राचा एक कायदा आहे, शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याचा. पाणीवापर संस्था त्यावर चालतात, म्हणून त्याची कलमं मी जशीच्या तशी दिली होती. कायदा काय मी माझ्या शब्दांत लिहू? आणि नियमांतच आहे की संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय दिलेली अवतरणं, कायद्याचा मजकूर हे साम्यात मोजायचं नाही. सर्वसाधारण माहितीची सलग १४ शब्दांपर्यंतची जुळणीसुद्धा नाही. तपासताना या गाळण्या लावलेल्याच नव्हत्या. मी ग्रंथालयात अर्ज दिला, परत तपासणी झाली. ३१ टक्के.

एका वर्षाचे सहा महिने झाले. मला इतका आनंद झाला की आपण मुळात उचललं आहे हेच विसरायला झालं. सुनावणीची तयारी करताना माझ्या वहीत सगळे मुद्दे टक्क्यांचेच होते.

मधल्या काळात सीनिअर ताईला फोन केला. तिची माफी मागायची होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि हसली. "अगं, तो परिचय मी तरी कुठे लिहिला होता? मला एका दादाने दिलेली फाइल. नद्यांचा परिच्छेद तर त्याच्याही आधीचा असेल." ती आता ज्युनिअर कॉलेजला शिकवते. हे समितीपुढे सांगायचं का, यावर मी तीन दिवस घोळ घातला. सांगितलं असतं तर माझं ओझं हलकं झालं असतं असंही नाही. ताई मात्र अडकली असती. नाही सांगितलं. बरोबर केलं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

सुनावणी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये झाली. समितीत तिघं : अध्यक्ष म्हणून एचओडी सर, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, आणि सॉफ्टवेअर जाणणारे एक जण. रचना नियमांत तशीच दिलेली आहे. बाहेरचे सर मराठी विभागाचे होते. भूगोलाचं त्यांना काय कळणार, असं वाटून मला जरा धीर आला.

मी दहा मिनिटं बोलले. संदर्भसूची, अवतरणं, कायदा, १४ शब्द. एचओडी सर माना डोलावत होते. मराठीचे सर माझी प्रत चाळत होते. एका पानावर थांबले, चष्मा कपाळावर सरकवला, बोट ठेवून म्हणाले, "नांदूरमध्यमेश्वर दिंडोरीत कधी आलं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी प्रत माझ्याकडे वळवली. छापलेलं होतं की दिंडोरी तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे आणि त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे. निफाड शब्द मी सगळीकडून काढला होता. पण अभयारण्यच निफाडचं, ते कोण काढणार? नाशिकमधलं पोर शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आलेलं असतं. मीही गेले होते, सहावीत. दुर्बिणीच्या रांगेत भांडण झालं होतं.

"नाही आलं, सर."

"मग?"

"ते उचललंय मी."

"किती?"

"सगळा परिचय. बारा पानं."

केबिनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. एचओडी सरांनी कोरा कागद पुढे केला आणि हेच लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. वहीतले टक्क्यांचे मुद्दे तसेच राहिले. बाहेर पडताना मराठीचे सर म्हणाले, "बागायतदारांची प्रकरणं चांगली आहेत बरं का. तिथलं इंग्रजी तुझंच आहे, चुकांवरून कळतं." ही शाबासकी होती की काय, मला कळेना.

पुढचं कागदोपत्री. विभागाच्या समितीला शिफारस करायला ४५ दिवस, मग ती संस्थेच्या समितीकडे. वाट बघण्याला नियमांत आकडा असतो, घरात नसतो. पप्पा रोज संध्याकाळी "आलं का काही?" एवढंच विचारायचे. वर्गातल्या सगळ्यांच्या व्हायव्हा झाल्या, निकाल लागले, दोघींना नोकऱ्याही लागल्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येत राहिले आणि मी अंगठा दाखवत राहिले.

निर्णय आला : पहिली पातळी, दुसरं प्रकरण नव्याने लिहून दोन महिन्यांत सादर करणे, व्हायव्हा पुढच्या बॅचबरोबर.

मी पुन्हा मामाकडे गेले. या वेळी प्रश्नावल्या नव्हत्या, एक वही आणि टोपोशीट, म्हणजे भूरचनेचा नकाशा. पश्चिमेला ननाशीकडे निघालो तर भात आणि नागली, डोंगर, ओलसर हवा. तिथून पूर्वेकडे येत गेलं की पाऊस कमी होत जातो आणि द्राक्षाचे मांडव वाढत जातात. एकाच तालुक्याचे हे दोन तुकडे माझ्या आधीच्या बारा पानांत कुठेच नव्हते. असणार कसे? निफाड सपाट. तिथला पाऊस, तिथली माती मी दिंडोरीच्या नावावर खपवली होती, आणि मामाकडे दर उन्हाळ्यात जाऊनही मला ते खटकलं नव्हतं. आधी सगळं मराठीत लिहून काढलं, मग शब्दकोश घेऊन इंग्रजीत. बारा पानांची सात झाली. त्याला पाच आठवडे लागले.

परत ग्रंथालयात. तेच टेबल, तोच संगणक. तपासणी पूर्ण झाली आणि स्क्रीनवर आकडा आला : ७१ टक्के.

माझे पाय गळाले. खरंच. ६०च्या वर काय होतं ते मला तोंडपाठ होतं.

ग्रंथालयातल्या मॅडम मात्र माउस फिरवत शांतपणे बघत होत्या. मग हसायला लागल्या. "अगं, तुझी जुनी प्रत आत जमा झालेली आहे. तुझंच तुझ्याशी जुळलंय." त्यांनी जुनी प्रत वगळली, गाळण्या लावल्या, पुन्हा चालवलं. गोल फिरत होता तेवढा वेळ मी खिडकीतून पार्किंगमधल्या स्कूटी मोजल्या. एकोणीस.

८ टक्के.

"बस आता," त्या म्हणाल्या, "पाणी पी. आणि इथे सही कर."