सर्व्हिस बंद व्हायला वेळ लागतोय? आधी सेकंद मोजा

अपाचे कॅमलवर (वेगवेगळ्या सिस्टममध्ये मेसेज नेणारं जावाचं फ्रेमवर्क) चालणारी इंटिग्रेशन सर्व्हिस रीस्टार्ट करायला जावं, तर स्टॉप कमांड अडकून बसते आणि शेवटी कुणीतरी वैतागून 'किल -९' मारतं, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने तत्काळ संपवतं. ही सवय फार महागात पडते. त्या क्षणी सर्व्हिसच्या पोटात असलेले ऑर्डरचे, पेमेंटचे मेसेज मध्येच तुटतात आणि दोन्हीकडचा हिशेब जुळवत बसावं लागतं.

म्हणून आधी मोजा. स्टॉप दिल्यापासून प्रोसेस संपेपर्यंत किती सेकंद गेले, ते तीन-चार वेळा लिहून ठेवा. दरवेळी आकडा नेमका तोच येत असेल, तर कुठली तरी टाइमआउट, म्हणजे वाट बघायची ठरलेली मुदत, पूर्ण संपतेय हे नक्की. १० म्हणजे बहुधा कंटेनर थांबवणारं 'डॉकर स्टॉप', ३० म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचा ग्रेस पीरियड (मारण्याआधी दिलेली सवलत), ४५ म्हणजे कॅमल स्वतः, ९० म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टमडी. कॅमल २ वर असाल तर ३०० सेकंदही दिसतील, कारण तेव्हा मुळातली मर्यादा तेवढी होती. आकडा दरवेळी बदलत असेल, तर काम खरोखर चालू आहे आणि ते हळूहळू संपतंय.

१० किंवा ३० सेकंद लागले, एक्झिट कोड १३७ (जबरदस्तीने मारल्याची खूण) आला आणि लॉगमध्ये कॅमलने बंद व्हायला सुरुवात केल्याची एकही ओळ नाही, तर कॅमलला दोष देऊ नका. त्याच्यापर्यंत सिगटर्म, म्हणजे 'नीट थांब' सांगणारा सिग्नल, पोचलाच नाही. कंटेनरमध्ये पहिली प्रोसेस शेल स्क्रिप्ट असते, ती जावाला सुरू करते आणि सिग्नल पुढे पाठवत नाही. स्क्रिप्टमधल्या जावाच्या ओळीआधी 'एक्झेक' लिहिलं की शेलची जागा जावा घेते आणि सिग्नल थेट मिळतो. त्यानंतर एक्झिट कोड १४३ दिसला तर सिगटर्म पोचला असं समजा.

सिग्नल पोचतोय आणि तरीही वेळ लागतोय, तर कॅमलचा लॉग वाचा. किती मेसेज अजून वाटेत आहेत आणि कुठल्या राउटवर (मेसेजच्या ठरलेल्या मार्गावर) किती, हे तो तिथे सांगत असतो. राउटचं नाव हाती लागलं की निम्मं काम झालं. मग थांबायच्या काळातच १०-१० सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप घ्या, म्हणजे प्रत्येक थ्रेड (प्रोसेसमधलं समांतर काम) कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी. त्यासाठीचं जेस्टॅक हे टूल नसेल तर जावाच्या पीआयडीला (प्रोसेसच्या क्रमांकाला) 'किल -३' द्या. प्रोसेस मरत नाही, डंप स्टँडर्ड आउटपुटवर येतो. तिन्ही डंपमध्ये एकाच ओळीवर उभा असलेला थ्रेड शोधा.

इथे एक चूक हमखास होते. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) उत्तराची वाट बघणाऱ्या थ्रेडची अवस्था डंपमध्ये 'रनेबल' दिसू शकते. लोक त्याला चालू समजून पुढे जातात आणि 'वेटिंग' लिहिलेल्या निरुपद्रवी पूल थ्रेडमध्ये (कामाची वाट बघत बसलेल्या राखीव थ्रेडमध्ये) वेळ घालवतात. स्टॅकच्या टोकाला सॉकेट रीड दिसलं की तोच आपला माणूस. जावाच्या सॉकेटला मुळात रीड टाइमआउट नसते. शून्य म्हणजे अनंत. समोरचं सॅप किंवा डेटाबेस गप्प बसलं, तर थ्रेडही गप्प बसतो. प्रत्येक एचटीटीपी आणि जेडीबीसी (डेटाबेसच्या) कॉलला स्पष्ट मर्यादा द्या, आणि ती शटडाउनच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा.

दुसरं कारण म्हणजे रीडिलिव्हरी, म्हणजे फसलेला मेसेज पुन्हा पुन्हा पाठवून बघणं. समजा, पहिला विलंब १ सेकंद, दरवेळी दुप्पट, सहा प्रयत्न. बेरीज करा: १, २, ४, ८, १६, ३२, म्हणजे एकूण ६३ सेकंद. कॅमलचे ४५ त्याला पुरणारच नाहीत, कारण थांबत असतानाही रीडिलिव्हरी चालू ठेवायला त्यात मुळात परवानगी असते. ती बंद करता येते, पण आधी राउट ट्रान्झॅक्टेड (काम फसलं तर सगळं मागे घेणारा) आहे का ते बघा. असेल तर मेसेज रोलबॅक होऊन ब्रोकरकडे (मेसेजच्या रांगा सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे) परत जातो. ऑटो-अ‍ॅकवर (मेसेज मिळताच ब्रोकरला आपोआप पोच) असेल तर गेला तो गेला.

सेडा एंडपॉइंटचंही, म्हणजे कॅमलच्या आतल्या रांगेचंही, तसंच. समजा, रांगेत १००० मेसेज, ते उचलणारा कन्झ्युमर एकच, मेसेजमागे २०० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद. ही रांग फक्त मेमरीत असते, तेव्हा 'किल -९' मारलं की राहिलेले सगळे जातात. रांग लहान करा, कन्झ्युमर वाढवा, किंवा मेसेज मोलाचे असतील तर तिथे सरळ जेएमएस (ब्रोकरवरची रांग) वापरा. माझं मत शेवटच्या पर्यायाला.

आता मर्यादांची उतरंड लावा: आतली सगळ्यात लहान, बाहेरची सगळ्यात मोठी. कुबरनेटीसचे ३० आणि कॅमलचे ४५ तसेच ठेवले, तर कॅमलची मुदत संपायच्या आधीच प्रोसेस मारली जाते. प्री-स्टॉप हुकमधली (थांबवण्याआधी चालणाऱ्या कमांडमधली) झोपही त्या ३० मध्येच मोजली जाते, हे विसरू नका. प्री-स्टॉपचे १०, कॅमलचे ४५ आणि थ्रेड पूल बंद व्हायला १० धरले तर ६५ होतात. थोडी मोकळीक धरून ग्रेस पीरियड ७५ ठेवा.

कॅमल नीट थांबला, लॉगमध्ये तसं आलंही, तरी जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) जिवंत, असं झालं तर शटडाउन हुकमधला, म्हणजे बंद होताना चालणारा, कोड तपासा. तिथून कुणी 'सिस्टम.एक्झिट' (जेव्हीएम बंद करण्याची आज्ञा) बोलावलं असेल, तर तो कॉल कधीच परतत नाही आणि जेव्हीएम तिथेच अडकतं.

बदल केल्यावर चाचणी रिकाम्या सर्व्हरवर घेऊ नका. रांगेत काही हजार मेसेज टाका, समोरची एक सिस्टम मुद्दाम गप्प ठेवा, आणि मग स्टॉप द्या.