ही लोखंडी नाणी कशाला जपता?

संग्रह दाखवायला काढला की शिवराया आणि ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये बघून होतात, आणि मग बोट हमखास तीन काळपट नाण्यांवर येऊन थांबतं. "हे लोखंड कशाला ठेवलंय? आणि त्यावर बेथोव्हन का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

ही जर्मनीतल्या बॉन शहराची १९२० सालची नाणी आहेत, १०, २५ आणि ५० फेनिगची (शंभर फेनिगचा एक मार्क). काढली ती शहराने. जर्मन सरकारचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली. तांबं आणि निकेल तर सरकारलाच हवं होतं, काडतुसांसाठी, तोफगोळ्यांसाठी, पोलादासाठी. त्यामुळे निकेलची चिल्लर चलनातून काढून घेतली गेली. नोट होती, पण पाव घेतल्यावर उरलेले सुटे परत द्यायला बेकरीवाल्याकडे काही नव्हतं. मजुरांचा पगार चुकता करताना तीच अडचण, ट्रामच्या तिकिटाला तीच. सरकारने लोखंड, जस्त, अॅल्युमिनियम यांची नाणी पाडली, पण ती पुरेनात. मग शहरांनी, जिल्ह्यांनी, कारखान्यांनी आपापलं चलन काढलं. त्यालाच नोटगेल्ड म्हणतात. बहुतेक सगळं कागदी, थोडं धातूचं. बीलेफेल्डने रेशमावर छापलं, माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्याने चिनी मातीची नाणी भाजली. युद्ध संपलं तरी टंचाई संपली नाही, म्हणून १९२० मध्येही ही नाणी पडतच होती.

आता बेथोव्हन, जगप्रसिद्ध जर्मन संगीतकार. १९२० हे त्याच्या जन्माचं दीडशेवं वर्ष. १७७० च्या डिसेंबरात तो बॉनमध्ये जन्मला आणि १७९२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नाला गेला तो परत कधी आलाच नाही. दोन वर्षांत फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी बॉन घेतलं. तरी शहराने त्याला कधी सोडलं नाही. १८४५ मध्ये तिथे त्याचा पुतळा उभा राहिला, त्यासाठी संगीतकार फ्रांझ लिस्टने पदरचे पैसे घातले. १८८९ मध्ये त्याचं जन्मघर हातचं जाण्याची वेळ आली, तेव्हा गावातल्या काही लोकांनी संस्था काढून ते विकत घेतलं. हा सगळा जिव्हाळा मला त्या नाण्यांत दिसतो. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, गेला होता, युद्ध हरलं होतं, ऱ्हाईनकाठी पुन्हा परकं सैन्य बसलं होतं. अशा वेळी शहराने चिल्लरीवर चेहरा घातला तो आपल्या मातीतल्या संगीतकाराचा.

आणि मला ही नाणी इतकी प्रिय आहेत याचं खरं कारण पुढेच आहे. पैसा कोसळला की माणसाचं काय होतं, हे बेथोव्हनने स्वतः भोगलं होतं. १८०९ मध्ये त्याने व्हिएन्ना सोडून जर्मनीतल्या कासेलला जाऊ नये म्हणून तीन सरदारांनी मिळून त्याला वर्षाला ४००० फ्लोरिनचं (तिथल्या तेव्हाच्या चलनात) वर्षासन बांधून दिलं. आर्चड्यूक (ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला) रुडॉल्फचे १५००, लोब्कोविट्झचे ७००, किन्स्कीचे १८००. नेपोलियनशी लढून ऑस्ट्रियाची तिजोरी रिकामी झाली होती, नोटा छापून छापून त्यांना किंमत उरली नव्हती. १८११ मध्ये सरकारने त्या नोटांची किंमत एक पंचमांशावर आणली आणि वर्षासन ढासळलं. रुडॉल्फने नव्या चलनात पूर्ण रक्कम द्यायचं मान्य केलं. किन्स्कीनेही शब्द दिला, पण तो कागदावर यायच्या आत, १८१२ मध्ये, घोड्यावरून पडून तो गेला. लोब्कोविट्झचं तर घरचंच दिवाळं वाजत आलं होतं. बेथोव्हनला वारसांशी भांडत बसावं लागलं. १८१५ मध्ये तडजोड झाली तेव्हा किन्स्कीच्या १८०० चे १२०० झाले होते. कानांनी दगा दिलेला तो काळ, आणि त्यात हा कज्जा. त्याची त्या काळातली पत्रं वाचताना मला फार वाईट वाटतं.

त्याच माणसाचा चेहरा शंभरेक वर्षांनी अशा चिल्लरीवर आला, जिला तीनच वर्षांत काही अर्थ उरला नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. ५० फेनिगचं काय घेऊन बसलात!

काहीजण म्हणतात, अशी नाणी संग्राहकांना विकायलाच काढली. त्यात तथ्य आहे: संग्राहकाने जपून ठेवलेलं नोटगेल्ड शहराला परत घ्यावं लागत नसे, तो निव्वळ फायदा. पण म्हणून त्यांचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. पैशाची नड असलेल्या शहराने राजाऐवजी संगीतकार विकायला काढला, हे मला मोठंच वाटतं.

तुम्हाला घ्यायची असतील तर ती फार महाग नसतात. चुंबक लावून बघा, चिकटलं पाहिजे. गंज दिसला तर लिंबू, चिंच किंवा ब्रश लावू नका, चेहराच जाईल. कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी त्या बदला.