तीन मुलं, एक आई आणि 'आई लागते'चा रकाना

आमची तिन्ही मुलं घरीच शिकतात. मोठी चौदा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी सहाची. घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. एक खोली, स्वयंपाकघर आणि बंद करून घेतलेली गॅलरी. सोबत सासूबाई आहेत. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची आहे आणि मी संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. एका मुलाला घरी कसं शिकवावं याबद्दल सांगणारे बरेच भेटतात. वेगवेगळ्या वयांची दोन-तीन मुलं असली की सगळा हिशेबच बदलतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही ते कसं बसवलं, ते लिहिते आहे.

आधी कायद्याचं, कारण सगळ्यांच्या पोटात पहिला गोळा त्याचाच असतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. घरी शिकवायला त्यात परवानगी लिहिलेली नाही, बंदीही लिहिलेली नाही. मी तो मुळातून वाचला, आणि माझ्या कामाचं निघालं ते कलम ४. सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल तर त्याला वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं ते कलम सांगतं. म्हणजे उद्या तिघांपैकी कुणाला शाळेत जावंसं वाटलं, किंवा आमची परिस्थिती बदलली, तर परतीची वाट उघडी आहे. हे पक्कं कळल्यावर मी निर्धास्त होऊन कामाला लागले.

मग वही घेऊन बसले. तीन मुलं, प्रत्येकाचे पाच-सहा विषय, प्रत्येक विषयाला अर्धा तास धरला तरी बेरीज आठ-नऊ तासांवर जात होती. त्यात स्वयंपाक नाही, सकाळचं पाणी भरणं नाही, शिकवण्या नाहीत. मुलांना दिवसाचा वेळ मुबलक असतो. अपुरी पडते ती आई. त्यामुळे नियोजन करायचं ते अभ्यासक्रमाचं नाही, माझ्या लक्षाचं, हे त्या वहीतच दिसलं आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

रविवारी रात्री मी तिघांच्या आठवड्याचं काम लिहिते. विषयवार लिहीत नाही. दोन रकाने करते, 'आई लागते' आणि 'आई लागत नाही'. मोठीचं बीजगणितातलं नवं प्रकरण पहिल्या रकान्यात, त्याच प्रकरणावरची उदाहरणं दुसऱ्यात. मधल्याचं मोठ्याने वाचन पहिल्यात, कारण अडखळतो तिथे कुणीतरी शेजारी हवं. शुद्धलेखन, नकाशा भरणं, पाढे लिहिणं दुसऱ्यात. धाकटीचं जवळजवळ सगळंच पहिल्या रकान्यात. मग पहिला रकाना माझ्या सकाळच्या अडीच-तीन तासांत मावतो का बघते. नाही मावला तर काम कमी करते, तास वाढवत नाही. कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला असतो आणि झालेलं काम ज्याचं तो खोडतो. दुसऱ्या रकान्यातलं कुठलं काम आधी करायचं हे मी सांगत नाही. मोठी कठीण ते सकाळी उरकते, मधला आवडीचं आधी करतो, आणि दोघांचंही काम होतं.

सकाळी पहिली पाळी धाकटीची. सगळ्यात लहान मुलाला आधी घ्या, हे मी प्रत्येक आईला सांगेन. वीस-पंचवीस मिनिटं आई पूर्ण तिची झाली की पुढचा तासभर ती भातुकलीत, ठोकळ्यांत, नाहीतर आजीच्या मागे-मागे रमते. तिला शेवटी ठेवलं तर तोवर ती दर पाच मिनिटांनी येऊन चिकटते आणि मोठ्यांचंही काही होत नाही. तिच्यानंतर मधला, मग मोठी. एकेकट्याने घ्यायचे विषय दोनच, गणित आणि भाषा. हे विषय पायरी-पायरीने चढतात. नऊ वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या मुलाला एका पायरीवर उभं करता येत नाही.

बाकी सगळं एकत्र. विज्ञान, भूगोल, इतिहास, परिसर अभ्यास यांच्या तीन वेगळ्या गाड्या आम्ही चालवत नाही. एक विषय घ्यायचा, दोन-तीन आठवडे त्यातच राहायचं आणि ज्याला जेवढं खोल जाता येईल तेवढं जाऊ द्यायचं. पुस्तकं बालभारतीचीच. सगळ्या इयत्तांच्या पीडीएफ मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यामुळे एकाच विषयावर तिसरीत काय आहे, सहावीत काय आहे आणि नववीत काय आहे हे एका बैठकीत बघता येतं. मोठ्याने वाचायला बालभारतीचंच 'किशोर' असतं. हे मासिक १९७१ पासून निघतं आहे, आणि सासूबाईसुद्धा जपमाळ बाजूला ठेवून ऐकत बसतात.

आमचा सगळ्यात चांगला झालेला विषय म्हणजे भरती-ओहोटी. तो जरा सविस्तर सांगते, म्हणजे एकत्र शिकवणं म्हणजे नेमकं काय ते कळेल. गर्दी उतरल्यावर लोकल पकडली, दादरला गाडी बदलली आणि महालक्ष्मीला उतरून हाजीअलीपर्यंत चालत गेलो. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. आम्ही पाणी चढताना पोचलो आणि वाट दिसेनाशी होईपर्यंत थांबलो. धाकटीसाठी विषय तिथेच पूर्ण झाला. समुद्र पुढे येतो, मागे जातो, आणि पुढे आला की रस्ता झाकतो. घरी येऊन तिने त्याचं चित्र काढलं आणि खाली 'पाणी आलं' असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

मधल्याला मी वेळांचा तक्ता करायला दिला. पावसाळ्यात वर्तमानपत्रात भरतीच्या वेळा येतात. तो रोज कापून वहीत चिकटवायचा आणि आजच्या वेळेतून कालची वजा करायचा. फरक साधारण पन्नास मिनिटांचा येत होता. तासांची आणि मिनिटांची वजाबाकी, जिच्यावर एरवी तो रुसतो, ती त्याने कुरकुर न करता केली, कारण उत्तर त्याला स्वतःला हवं होतं. मग एके रात्री गच्चीवर त्याने विचारलं, "आई, चंद्रपण रोज उशिराच उगवतो ना?" त्या प्रश्नानंतर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राबद्दल मला फार काही सांगावंच लागलं नाही.

मोठीने सूर्य, चंद्र आणि पृथ्वीच्या आकृत्या काढून अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठी भरती का येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान का येते हे मांडलं. नंतर ती २६ जुलै २००५ कडे वळली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी जवळपास साडेचार मीटरची भरती होती. समुद्र भरलेला असताना मिठी नदीचं पाणी बाहेर जाणार कुठे, हे तिने नकाशावर दाखवलं. मिठीच्या काठचे भराव, तोडलेली तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं, हे सगळं त्यातून आपोआप आलं. तिवरं तर आमच्या घरामागे खाडीला आहेत. चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळं आम्ही जाऊन पाहिली. सासूबाई कोकणातल्या. त्यांनी त्या आठवड्यात मुलांना त्यांच्या गावच्या खाडीत मासे कुठल्या पाण्याला लागतात ते सांगितलं, आणि ते कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नव्हतं.

मुंबईत राहून असं शिकवायला जागा कमी नाहीत. भायखळ्याला राणीबाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय एकमेकांना लागून आहेत, बुधवारी मात्र दोन्ही बंद. धाकटी पेंग्विनपाशी रमते. मोठी संग्रहालयाच्या आवारातल्या, घारापुरीहून आणलेल्या दगडी हत्तीसमोर वही घेऊन बसते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मधल्याचं. एका फेरीत तिघांचंही काही ना काही होईल अशीच जागा मी निवडते, नाहीतर एकाचं शिक्षण आणि दोघांची फरफट होते. बारा वर्षांखालच्यांचं लोकलचं तिकीट अर्धं असतं, डबा घरचा असतो, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो.

धाकटीच्या गणिताबद्दल थोडं, कारण तिथे आमच्या घरात मतं दोन आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची नवी पद्धत आली आणि त्यावरून मोठा वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, "अगं, त्रेसष्ट म्हणायला काय त्रास होतो?" पण लहान मुलाला त्रेसष्ट ऐकताना तीन आधी ऐकू येतात आणि ते ३६ लिहून मोकळं होतं, हे मी शिकवण्यांमध्येही कायम बघते. आम्ही दोन्ही ठेवलंय. माझ्याकडे ती काड्यांचे गठ्ठे मांडून साठ तीन म्हणते, आजीकडे पाठांतर करताना त्रेसष्ट म्हणते. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणजे आजीचंच खातं आहे. मधल्याचे अपूर्णांक सोपे गेले ते दिडकीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मी पहिल्यापासून पाळली. मोठी ही घरातली बिनपगारी बाई नाही. 'तीच बघेल की धाकट्यांकडे, तुला मदत होईल', असं नातेवाईक सहज सांगतात. तिला वाटलं तर ती धाकटीला गोष्ट वाचून दाखवते, मधल्याला गणित समजावते, आणि छान समजावते. पण रकान्यात तिच्या नावापुढे भावंडांचं काम मी कधी लिहीत नाही. साडेअकरा ते एक गॅलरी तिची. दार लावलेलं असताना तिथे कुणी जायचं नाही, मीसुद्धा ठोठावूनच जाते. एवढ्याशा घरात तिला स्वतःचं दीड तासाचं बंद दार मिळतं, याची किंमत तिच्या वयात फार मोठी आहे.

वर्षाची आखणी आम्ही पावसाप्रमाणे करतो. जून ते ऑगस्ट घरातला अभ्यास भरपूर, कारण बाहेर पडणं बेभरवशाचं. गणपतीत पूर्ण सुट्टी, गावी जायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेरच्या फेऱ्या. मे महिन्यात सुट्टी घेतोच, कारण कॉलनीतली सगळी मुलं तेव्हाच मोकळी असतात आणि खाली मैदानात डाव रंगलेला असताना आमच्या मुलांनी वर बसावं असं मला वाटत नाही. 'चार मित्र कुठून मिळणार' ही सासूबाईंची काळजी त्या मैदानानेच मिटवली. घरात कुणाला ताप असला, पाहुणे असले, नवऱ्याची रात्रपाळी असली की त्या दिवशी फक्त वाचन आणि गणित. तेवढं झालं की दिवस झाला.

कागदपत्रांत मी कसूर करत नाही. मोठी आणि मधला आधी शाळेत होते. त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले, शेवटची प्रगतिपुस्तकं, तिघांचे जन्मदाखले आणि आधार एका फाइलमध्ये आहेत. शिवाय प्रत्येकाची वेगळी फाइल. तिच्यात दर महिन्याचं थोडं लेखन, थोडं गणित, एखादं चित्र, सगळं तारखेसकट. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारोदार फिरतात. आमच्याकडे आलेल्या बाईंसमोर मी या फाइल ठेवल्या. त्यांनी चाळल्या, मधल्याकडून एक परिच्छेद वाचून घेतला, मोठीशी बोलल्या, नोंद केली आणि चहा घेऊन गेल्या.

दहावीसाठी आमच्यासमोर दोन रस्ते होते. एक म्हणजे राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणं. दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. आम्ही एनआयओएस घेतलं. दहावीच्या प्रवेशासाठी वय चौदा पूर्ण लागतं. आठवीचा दाखला नसेल तर हा अभ्यासक्रम झेपण्याइतकी तयारी झाली आहे असं स्वयंघोषणापत्र चालतं, आणि घरी शिकलेल्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे. माध्यम मराठी घेता येतं. किमान पाच विषय, त्यांत एक किंवा दोन भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. वीस टक्के गुण घरी करायच्या स्वाध्यायांना, ज्याला तिथे टीएमए म्हणतात, आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे विषय सुटे-सुटे देता येतात. पाचही विषय एकदम आले असते तर माझा 'आई लागते'चा रकाना वर्षभर मोठीनेच व्यापला असता. आता मराठी आणि चित्रकला आधी, कारण त्यांत तिला माझी गरज जवळजवळ नाही. इंग्रजी आणि विज्ञान त्यानंतरच्या खेपेला. गणित सगळ्यात शेवटी, तोपर्यंत मधला अपूर्णांकांच्या पुढे गेलेला असेल, धाकटी स्वतःचं स्वतः वाचत असेल आणि सकाळचा एक पूर्ण तास मला मोठीसाठी मोकळा मिळेल. फॉर्म भरून झाला आहे, मराठीचे टीएमए लिहायला तिने घेतले आहेत.