तुम्ही विचारलंत म्हणून : हिशेबनिसांच्या सभेत पलटणींची नावे

"तुम्ही आयकर आणि जीएसटीची कामे करणारी माणसे, मग दर डिसेंबरात तुमच्या संघटनेच्या सभेत फौजेतल्या माणसांची नावे कशासाठी वाचता?" हा प्रश्न मला क्लायंट विचारतात, पुण्याहून व्याख्यानाला येणारे पाहुणे विचारतात आणि नव्याने सभासद झालेली मुलेही विचारतात. प्रत्येकाला उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

आमची संघटना साताऱ्यातील लेखापाल आणि करसल्लागारांची आहे. या जिल्ह्यातून फौजेत जाणे ही किती साधी गोष्ट आहे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांची आठवण गाव आजही जपते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. मराठा लाइट इन्फंट्रीतील सर्वांत जुनी पलटण, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती १७६८ साली उभी राहिली. तेव्हापासून या मुलखातली घरे पिढ्यान्‌पिढ्या माणसे देत आली आहेत. त्यामुळे आमच्या सभासदाच्या वडिलांकडे नाही तर आजोळी, आजोळी नाही तर सासरी कोणी ना कोणी फौजी निघतोच. तरीही वीस-वीस वर्षे शेजारी बसणाऱ्या दोन सभासदांना एकमेकांबद्दल हे ठाऊक नव्हते.

मला हे सुचले ते माझ्या घरावरून. माझे वडील शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार होऊन पेन्शनीत आले. आम्ही गावी राहत असू. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर येई. पोस्टमन पैसे मोजून देई, आईचा अंगठा घेई, फॉर्मचा एक तुकडा फाडून तिच्या हाती ठेवी आणि अंगठ्याची पोच वडिलांकडे परत पाठवी. आईकडे राहणाऱ्या त्या तुकड्याला आम्ही कुपन म्हणत असू. त्यावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. "पावसाआधी कौले चाळून घेणे." "म्हैस विकू नका, मी येतो आहे." "पोरीला शाळेत घालणे." ही पोरगी मी. आईला वाचता येत नसे. पोस्टमन मोठ्याने वाचून दाखवी आणि ती ते कुपन चुलीजवळच्या खुंटीला टांगलेल्या तारेत ओवून ठेवी. धुराने ती कुपने पिवळी, मग तपकिरी झाली.

वडील कायमचे घरी आले तेव्हा त्यांची काळी ट्रंक उघडली. गणवेशाखाली, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता : आईच्या अंगठ्याच्या सगळ्या पोचा. मी तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते. एका सुट्टीत मी तारेतली कुपने आणि ट्रंकेतल्या पोचा ओटीवर मांडल्या आणि महिन्याला महिना लावत गेले. माझ्या आयुष्यातला तो पहिला ताळमेळ. एक महिना सोडून सगळे जुळले. १९७१ च्या डिसेंबरचे कुपन आईकडे होते, पण त्याची पोच वडिलांकडे नव्हती. पलटण पुढे सरकली होती आणि पोच त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. "त्या महिन्यात पैसे मिळाले का नाही, ते मला जानेवारीत पत्रावरून कळले," असे ते म्हणाले आणि एवढेच म्हणाले. लढाईबद्दल त्यांनी आम्हाला कधीच फारसे सांगितले नाही; त्या न आलेल्या पोचेबद्दल मात्र ते पुढेही अनेकदा बोलत.

तेव्हापासून माझी अशी पक्की धारणा झाली की नोकरी पलटणीत एकाची लागते, पण ती घरातले सगळे मिळून करतात आणि तिची नोंद मात्र एकाच बाजूला होते. एकेरी नोंद आम्हा हिशेबनिसांना सहन होत नाही. म्हणून आमच्या यादीत सैनिकाच्या नावासमोर 'मागे घरी कोण होते' असा रकाना आहे आणि सभेत तोही वाचला जातो.

ही सभा आम्ही ७ डिसेंबरच्या, म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या आसपास घेतो. ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्थाही १९४९ सालचीच. हा योगायोग पहिल्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदाने सांगितला आणि तारीख ठरली. हारतुरे नसतात. शाल-श्रीफळावर होणारा खर्च आम्ही ध्वजदिन निधीला देतो आणि तोही संघटनेच्या वर्गणीतून न देता सभासदांच्या खिशातून देतो, कारण वर्गणी ज्या कामासाठी घेतली त्याच कामावर खर्च झाली पाहिजे.

सुरुवातीला वाद झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. फक्त युद्धात गेलेल्यांची आणि पदक मिळालेल्यांचीच नावे वाचावीत, असे काहींचे म्हणणे होते. एका सभासदाचे वडील फौजेत लंगरी, म्हणजे स्वयंपाकी होते. वडिलांचे नाव द्यावे की नाही, या संकोचाने ते सभासद मागच्या रांगेत गप्प बसून राहिले. अखेर हुद्दा किंवा पदक न पाहता भरतीच्या सालाप्रमाणे यादी करायची असे ठरले आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. पहाटे तीनला पलटणीसाठी पुऱ्या तळणारा माणूसही त्याच पलटणीत असतो.

दुसरा वाद पुराव्याचा होता आणि तो आमच्या धंद्याला साजेसाच होता. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) किंवा पदक, यांपैकी काहीतरी दाखवावे असा नियम झाला. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. भिंग घेऊन ती बारीक अक्षरे लावताना आमचे सभासद ताळेबंद तपासताना असतात तितकेच गंभीर झालेले मी पाहिले आहेत. पण एकाकडे काहीच नव्हते. पणजोबा "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत", एवढेच घरात सांगत आले होते. ही गोष्ट खोटी मानण्याचे कारण नव्हते. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी बसरा ज्यात आहे त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या आणि ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झालेल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या लिहिली गेली. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली. बेरीज लिहायची आणि तिच्या मागच्या नोंदी लिहायच्या नाहीत, हा हिशेब कोणताही लेखापाल मान्य करणार नाही. आम्ही ते नाव घेतले आणि पुराव्याच्या रकान्यात 'कुटुंबाच्या सांगण्यावरून' असे स्पष्ट लिहिले.

सभेनंतर दोन टेबले मांडलेली असतात, आणि माझ्या मते नावे वाचण्याइतकेच महत्त्व या टेबलांना आहे. तिथे फौजींच्या घरची माणसे कागद घेऊन येतात. आमच्याच एका सभासदाच्या भावजयीचे पती मोहिमेवर असताना गेले. अशा मृत्यूनंतर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१९) खाली पूर्ण करमुक्त केलेले होते. तरीही त्यांचे विवरणपत्र भरणारा ते साध्या कुटुंब निवृत्तिवेतनासारखे धरून फक्त एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यांतील कमी असेल ती वजावट दाखवत होता आणि उरलेल्या रकमेवर त्या कर भरत राहिल्या. घरात लेखापाल दीर असून हे लक्षात आले नाही, कारण त्यांनी कधी विचारले नाही आणि दिरानेही कागद मागितले नाहीत. जेवढ्या वर्षांचे विवरणपत्र सुधारता येत होते तेवढे सुधारले; आधीचे गेले ते गेले. हयातीचा दाखला वेळेत न गेल्याने पेन्शन अडकलेली, पीपीओवर नावाचे स्पेलिंग वेगळे आणि आधारवर वेगळे, अशी कामे तर दरवर्षी असतात. ती आम्ही फी न घेता करतो.

यंदाच्या यादीत माझ्या वडिलांच्या ओळीत शेवटचा रकाना मी स्वतः भरला : "पत्नी, दर महिन्याची पोच दिली." बसऱ्याला गेलेल्या पणजोबांच्या ओळीत नंबर आणि पलटण हे दोन रकाने अजून कोरे आहेत. वाचणारा तिथे येतो, कोऱ्या जागेपाशी क्षणभर थांबतो आणि नाव वाचतो.