'अटर्ली'च्या शेजारी कोण बसतं?

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आमची बॅच पुढे गेली होती.) 'नो सूनर... दॅन' तोंडपाठ, काळ पक्के. अडायचं ते क्रियाविशेषणांशी. चाकणच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टच्या मेल लिहायला लागले आणि रोज तोच प्रश्न: इथे 'फायनली' की 'इव्हेन्चुअली'? इंग्रजी-मराठी कोशात दोन्हींपुढे 'शेवटी'. 'ॲट लास्ट'पुढेही 'शेवटी'. 'लास्टली'पुढे आणखी काय असणार!

शब्दाला शब्द लावून काम होईना, तेव्हा उलटं सुरू केलं. आपण मराठीत ती गोष्ट कशी बोलू, ते आधी लिहायचं. 'एकदाचा कंटेनर सुटला' यात वाट बघून जीव मेटाकुटीला आलेला आहे, तिथे 'ॲट लास्ट'. 'कस्टम्समध्ये अडकला, कागद बदलले, होता होता सुटला' इथे 'इव्हेन्चुअली'. मधे बरंच काही घडलंय, पण कोणी डोळे लावून बसलं असेलच असं नाही. 'लास्टली' फक्त मुद्दे मांडताना, शेवटच्या मुद्द्याआधी. 'फायनली' तेवढं दोन्हीकडे वावरतं, मुद्द्यांच्या यादीतही आणि उशिराच्या गोष्टीतही. यातला फरक मेलमध्ये फार जाणवतो. ग्राहकाचे पैसे आले आणि आपण 'ॲट लास्ट वी हॅव रिसीव्ह्ड युवर पेमेंट' लिहिलं, की पोच देता देता टोमणाही मारून होतो.

'हार्डली' आणि 'बेअरली' असेच सोडवले. 'बेअरली पास्ड' म्हणजे जेमतेम पास, पण पास. 'आय हार्डली नो हिम' म्हणजे ओळखत नाही म्हटलं तरी चालेल. पहिल्याचा कल होकाराकडे, दुसऱ्याचा नकाराकडे. दर वेळी इतकं स्वच्छ नसतं, पण कामापुरतं पुरतं. 'स्केअर्सली' मी वाचते, लिहीत नाही. कारखान्याच्या मेलमध्ये तो शब्द फेटा बांधून आल्यासारखा दिसतो.

खरी गंमत पुढे होती. 'कम्प्लीटली', 'टोटली', 'ॲब्सोल्यूटली', 'अटर्ली' या चौघांचा अर्थ मराठीत 'पूर्णपणे', आणि इथे मराठी बोलून बघायची युक्ती चालेना. मग शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश हाताशी घेतले. ही परंपरा ज्या हॉर्नबींच्या कोशाने रुजवली, तो पहिल्यांदा १९४२ साली टोकियोत छापला गेला. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. अशा कोशात व्याख्येपेक्षा खालची उदाहरणं वाचावीत. ती पुरेनात तेव्हा कॉर्पसकडे, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेच्या मोठ्या संग्रहाकडे वळले. अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' कॉर्पस इंटरनेटवर आहे, १९९० ते २०१९ मधले शंभर कोटींहून जास्त शब्द. नाव नोंदवलं की मर्यादित शोध फुकट करता येतात. शब्द टाकला की तो मध्ये धरून वाक्यं एकाखाली एक येतात. मी वाक्यं वाचतच नसे. उजवीकडचा फक्त पुढचा शब्द बघत खाली जायचं.

'अटर्ली' टाकलं आणि उजवीकडे रांग लागली: रिडिक्युलस, हेल्पलेस, फेल्ड, यूसलेस. चांगला शब्द मधूनच एखादा. आपल्याकडे हा शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा वाचला तो अमूलच्या होर्डिंगवर, 'अटर्ली बटर्ली डिलिशस'. तिथे तो यमकासाठी आलाय आणि म्हणूनच कानात बसतो, पण एरवी त्याची संगत वाईट. 'ॲब्सोल्यूटली'ला टोकाची विशेषणं लागतात, मग ती चांगली असोत की वाईट: 'ॲब्सोल्यूटली डिलाइटेड', 'ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग'. 'कम्प्लीटली'ला जिथे काहीतरी भरतं, संपतं किंवा बदलतं अशी जागा आवडते: एम्प्टी, डिफरंट. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हेच म्हटलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून.

आणि मग लक्षात आलं की हे आपल्याला नवं कुठे आहे? काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक. आंबट ते ढाण, गोड ते मिट्ट, तिखट ते जाळ. 'पिवळाकुट्ट' का नाही, असं कोणी मराठी पोर विचारत नाही आणि कोणी आई सांगतही नाही. इंग्रजीतली थंडी 'बिटरली' असते, शिफारस 'स्ट्राँगली' होते आणि खेद 'डीपली' होतो, तेही तसंच. त्या दिवसापासून वहीतला 'अर्थ' हा रकाना मी बंद केला. तिथे आता 'शेजारी' असं लिहिलंय.

'नीअरली' आणि 'ऑलमोस्ट'ही त्या रकान्यात सुटले. 'ऑलमोस्ट नथिंग' होतं, 'ऑलमोस्ट नेव्हर' होतं, तिथे 'नीअरली' बसत नाही. उलट 'नॉट नीअरली इनफ' म्हणजे पुरेशाच्या आसपासही नाही, तिथे 'ऑलमोस्ट' चालत नाही.

'क्वाइट'ने मात्र घाम काढला. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे अगदी अशक्य. पण इंग्लंडच्या ग्राहकाने सॅम्पलबद्दल 'क्वाइट गुड' लिहिलं, तर ते बहुधा 'बऱ्यापैकी' असतं, पेढे वाटायचं कारण नव्हे. अमेरिकन माणसाचं 'क्वाइट गुड' त्याहून गोड. म्हणून मेलच्या तळाशी सहीखालचा पत्ता आधी बघते. मी स्वतः तो शब्द वापरत नाही. 'व्हेरी गुड' किंवा 'ॲक्सेप्टेबल', जे असेल ते सरळ लिहिते.

सध्या 'फेअरली' आणि 'रादर' चालू आहेत. 'रादर बेटर' बसतं, 'फेअरली बेटर' बसत नाही, एवढं पक्कं झालंय. 'रूम इज रादर वॉर्म' म्हणणारा कुरकुरतोय आणि 'फेअरली वॉर्म' म्हणणारा बहुतेक खूश आहे, हेही कळतं. पण 'रादर नाइस' म्हणताना तोच शब्द कौतुकाचा होतो, म्हणून त्याच्या 'शेजारी' रकान्यात अजून भर पडतेच आहे.