ऐंशी किलोमीटरच्या आत

डिस्पॅचरचा फोन आला तेव्हा मी सेंट ब्रूच्या एका कारखान्याच्या आवारात लोखंडी पाइप उतरवून पट्टे गुंडाळत होतो. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या हम्बोल्टच्या आसपासची ही गावं पेरणीयंत्रं, नांगर आणि ट्रेलर बनवणाऱ्यांची. लोखंड घेऊन यायचं आणि बहुतेक वेळा रिकामं परतायचं, असा हा मार्ग. त्या दिवशी मात्र डिस्पॅचर पाजी म्हणाला, "रिकामा येऊ नकोस. कॅरट रिव्हरला जा, पीट भर. उद्या सकाळी सॅस्काटूनला उतरव."

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत, कुजत गेलेलं शेवाळ. आपल्याकडे कुंड्यांत कोकोपीट घालतात, त्याचा हा थंड देशातला थोरला भाऊ. प्लास्टिकमध्ये दाबून बांधलेल्या गासड्या येतात. माल वजनाला हलका, पण ट्रेलरवर उंच चढतो आणि ताडपत्रीखाली वारा शिरायला वाव देतो. मी "बरं" म्हणालो आणि परतीचा रस्ता जीपीएसवर पाहिला. ३३५ नंबरचा रस्ता, पश्चिमेकडे, ३५ नंबरच्या हायवेपर्यंत.

माझ्या पोटात गोळा आला. सॅस्कॅचेवानमध्ये ट्रक चालवणाऱ्या कुणालाही या दोन आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. ६ एप्रिल २०१८च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनिअर आइस हॉकी संघाची बस ३५ वरून उत्तरेला निपाविनकडे चालली होती. प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, पाचवा सामना होता. मालिकेत निपाविन ३-१ ने पुढे होतं, म्हणजे ब्रॉन्कोज हरले की त्यांचा हंगाम संपला. त्याच वेळी ३३५ वरून पश्चिमेला पीटने भरलेला, दोन ट्रेलरचा ट्रक आला आणि स्टॉपच्या पाटीला थांबलाच नाही. बसमध्ये २९ जण होते. १६ गेले: दहा खेळाडू, दोन प्रशिक्षक, संघाची थेरपिस्ट, रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा, आकडेवारी ठेवणारा आणि बसचा चालक.

ट्रकचा चालक भारतातून आलेला तरुण होता. या कामावर त्याला महिनाही झाला नव्हता. त्याने गुन्हा कबूल केला आणि मार्च २०१९ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. ज्या कंपनीचा ट्रक होता तिच्या मालकाला सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल दंड झाला, पाच हजार डॉलर.

त्यानंतर सॅस्कॅचेवानमध्ये ट्रकच्या लायसन्ससाठी १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. अपघात झाला तेव्हा अशी सक्ती नव्हती. मी त्या नव्या नियमातला विद्यार्थी. फीचा आकडा ऐकून मी कुरकुरलो, तेव्हा शिकवणारा नुसता म्हणाला, "ही फी कशामुळे आली ते माहीत आहे ना?" मी गप्प बसलो.

माझे वडील चिपळूण डेपोला एसटीचे चालक होते. कुंभार्ली घाटात उभी हयात गेली. ट्रक चालवायला लागलो तेव्हा अण्णांनी फोनवर एकच सांगितलं होतं, "गाडीतून नवा आवाज आला तर पुढच्या गावात बघू असं म्हणायचं नाही. आधी थांबायचं."

कॅरट रिव्हरला फोर्कलिफ्टवाल्याने अर्ध्या तासात गासड्या चढवल्या. ताडपत्र्या पसरून बांधायला मला सव्वा तास लागला. ऑक्टोबर होता, बोटं हुकांना चिकटावीत इतकी थंडी, आणि वायव्येचा वारा. फोर्कलिफ्टवाला कागदावर सही घेता घेता म्हणाला, "३३५ नेच जाणार?" मी मान हलवली. तो आत गेला, चार रबरी दोर घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवले. पैसे विचारले तर हात झटकला.

कॅनडात नियम असा, की माल भरल्यावर ऐंशी किलोमीटरच्या आत एकदा थांबून बांधणी तपासायची. माल सुरुवातीच्या धक्क्यांनीच खाली बसतो आणि पट्टे सैल पडतात, म्हणून. मला ऐंशी गाठायची वेळच आली नाही. वीसेक किलोमीटर झाले असतील, मागून फडफड ऐकू आली. डाव्या आरशात पाहिलं, ताडपत्रीचा मागचा कोपरा सुटून कोंबडीच्या पंखासारखा वर-खाली होत होता.

कोर्टासमोर आलेली हकिकत मी पूर्वी वाचली होती. त्या अपघातातल्या ट्रकचा चालकही आरशात बघत होता, फडफडणाऱ्या ताडपत्रीकडे. पुढे चौफुला आहे हे सांगणाऱ्या चार पाट्या त्याच्या बाजूने निघून गेल्या, मग लाल दिवा लुकलुकणारी स्टॉपची पाटीही. वाचताना मी मनात म्हणालो होतो, पाच-पाच पाट्या कशा दिसत नाहीत माणसाला? आणि आता माझी नजर आरशातून निघेना. सुटलेला कोपरा दिसला की मन हिशेब करायला लागतं: फाटेल का, माल भिजेल का, पैसे कुणाच्या पगारातून कापतील. ताशी नव्वदला गाडी सेकंदाला पंचवीस मीटर जाते. मी किती सेकंद पाहत राहिलो ते मला सांगता येणार नाही. मला त्या माणसाची बाजू घ्यायची नाही. कोर्टात काही आईवडिलांनी त्याला माफ केलं, काहींनी केलं नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण त्या दिवसापासून "पाट्या कशा दिसत नाहीत" असं मी म्हणत नाही.

थांबलो. खडीच्या अरुंद कडेवर गाडी घेतली, त्रिकोण मांडले आणि कोपरा त्या रबरी दोरांनी आवळला. पुढे आणखी एकदा थांबलो, नुसतं बघायला.

चौफुल्याआधी रस्त्यावर आता खाचा पाडल्या आहेत, चाकं त्यावरून गेली की सगळी केबिन थरथरते. वळून गाडी कडेला लावली आणि चालत मागे आलो. क्रूस, हॉकीच्या काठ्या, हिरव्या-पिवळ्या जर्सी, टोप्या, कुणी ठेवलेला पक, म्हणजे आइस हॉकीची रबरी चकती. जवळच सहा क्रूस वेगळे आहेत, जुने. १९९७ साली याच चौफुल्यावर एका कुटुंबातले सहा जण गेले होते. हे मला ठाऊक नव्हतं. मी पायातल्या बुटांकडे बघत उभा राहिलो, चपला काढायची सवय, आणि बर्फात बूट काढायचे की नाही ते कळेना. एक पिकअप हळू झाला, आतल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग ट्रकवरच्या ताडपत्रीकडे, आणि निघून गेली. तिच्या मनात काही असेल किंवा नसेलही.

टिस्डेलला गावाच्या कडेला मधमाशीचा भलामोठा पुतळा आहे, तिथून सॅस्काटूनला मेलफर्टवरून जाणं सोयीचं. मी हम्बोल्टवरून गेलो. पाजीला सांगितलं, वारा आहे, रस्ता बदलतो. आमच्या कंपनीतली देशी पोरं हम्बोल्टला डिझेल भरायलासुद्धा थांबत नाहीत. कुणी तिथे काही बोललंय असंही नाही. मीही दोन वर्षं थांबलो नव्हतो.

शुक्रवारची संध्याकाळ होती, एल्गर पीटरसन अरेनाबाहेर गाड्यांची रांग. तिकिटाच्या टेबलामागे ब्रॉन्कोजची टोपी घातलेले सत्तरीचे आजोबा बसले होते. सुटे मोजून हातात ठेवले आणि पहिली दहा मिनिटं झाल्यावर स्वतःच माझ्या शेजारी येऊन बसले. मला खेळ कळत नाही हे त्यांना लगेच कळलं असणार. पक कुठे आहे ते मी शोधत होतो आणि टाळ्या उशिरा वाजवत होतो.

संघ १९७० पासूनचा, ते म्हणाले. मालक कोण, असं मी विचारलं तर हसले. मालक कुणी नाही, गाव. जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव समिती निवडतं, लॉटरीची तिकिटं विकतं, पॉपकॉर्न भाजतं. सोळा ते वीस वर्षांची पोरं कुठून कुठून येतात, पगार नसतो, गावातल्या घरांत राहतात. त्या घरांना बिलेट म्हणतात. घरच्या पोरांसारखं जेवायचं आणि घरच्या पोरांसारखं बर्फ उपसायचं. मला आमच्याकडची कबड्डीची मंडळं आठवली: वर्गणीवर चालणारी, गावाच्या नावावर उड्या मारणारी. मंडळाच्या खेळाडूला कुणी आपल्या घरी दोन-दोन वर्षं सांभाळल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही.

"ग्लेन हॉल इथलाच," आजोबा म्हणाले. मी बावळटासारखं पाहिलं. "गोलकीपर. सलग ५०२ सामने खेळला, तेही मास्क न लावता." मग २००३ आणि २००८. दोन्ही वर्षी देशाचं ज्युनिअर ए विजेतेपद, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात अल्बर्टाच्या कॅमरोझला हरवून. २००८चा सामना १-० होता. तो एक गोल त्यांनी हातवारे करून मला पूर्ण दाखवला, बहुधा खरा लागला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन. २०१२ ला ती राष्ट्रीय स्पर्धाच हम्बोल्टमध्ये भरली होती. हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली.

मग २०१८. त्याबद्दल त्यांनी अपघाताचं काही सांगितलं नाही. सांगितलं ते केसांचं. प्लेऑफसाठी पोरांनी केस पिवळे केले होते, संघाची गंमत. त्यामुळे कोण कोण ते ओळखू येईना. दोन मुलांची अदलाबदल झाली. एका घराला वाटलं मुलगा वाचला, दुसऱ्या घराला वाटलं गेला. तीन दिवसांनी सरकारने चूक कबूल करून माफी मागितली. "मी तेव्हापासून केस रंगवलेली पोरं बघू शकत नाही," ते म्हणाले. समोर बर्फावर हेल्मेटखाली कुणाचेही केस दिसत नव्हते.

त्या दिवसांत देशभर लोकांनी रात्री दाराबाहेर हॉकीची काठी ठेवली होती. लोगन बुले नावाच्या खेळाडूने एकविसावं लागल्यावर अवयवदानाचं कार्ड भरलं होतं, त्याच्यामुळे सहा जणांना अवयव मिळाले आणि लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. आणि १२ सप्टेंबर २०१८ ला याच रिंकमध्ये पुन्हा सामना झाला, समोर निपाविनच. बसमधून वाचलेल्यांपैकी दोघे संघात होते. "हरलो २-१ ने," आजोबा म्हणाले. "त्या रात्री हरलो याचा राग आला. बरं वाटलं राग आला म्हणून."

दुसऱ्या मध्यंतरात त्यांनी विचारलं, "तू काय वाहतोस?"

खोटं सांगता आलं असतं. लाकूड म्हणालो असतो तरी चाललं असतं.

"पीट," मी म्हणालो. "कॅरट रिव्हरहून."

ते बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राकडे बघत राहिले. यंत्राने एक फेरी पूर्ण केली, दुसरी सुरू केली.

"ताडपत्री?"

"वाटेत एकदा सुटली होती. थांबून बांधली."

"कुठे सुटली?"

"३३५ वर."

त्यांनी टोपी सारखी केली, उठले आणि कोट घातला. मला वाटलं, झालं, आता आपण निघावं. ते दाराशी जाऊन थांबले आणि मागे वळून पाहिलं. "चल ना. टॉर्च आहे का तुझ्याकडे?"

बाहेर वारा वाढला होता. त्यांनी हातमोजे काढून खिशात कोंबले आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकापासून एकेक हूक ओढून बघायला सुरुवात केली. मी मागून टॉर्च धरला. डावी बाजू पूर्ण झाली, मागून वळून उजवीकडे आलो. आत भोंगा वाजला, तिसरा डाव सुरू झाला होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. उजवीकडच्या आठव्या हुकापाशी ते थांबले, दोनदा हलवून पाहिला.

"हा ढिला आहे," ते म्हणाले.

खरंच ढिला होता. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि हूक सोडवायला खाली वाकलो.